भरलेलं आणि सोडलेलं: स्केचबुकच्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

प्रकल्प म्हणणं जरा जास्तच होतंय, पण नाव दिलं की मी मागं लागून करते म्हणून प्रकल्प. जानेवारी ते मे रोज काहीतरी काढायचं, आणि नोंद फक्त काही नवीन कळलं तरच लिहायची, नाहीतर लिहिण्यातच वेळ जाईल आणि चित्र राहील बाजूला.

निमित्त लेकीचं. ती यंदा एलिमेंटरीला, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसणारे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ती भूमिती-अक्षरलेखनाची कटकट, सगळं तसंच आहे आमच्या वेळचं. मीपण एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या, त्यानंतर पेन्सिल हातात आली ती लेजरला टिक करायला. (सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, अक्कलकोट रोड एमआयडीसी.)

सामान थोडकं. नवी पेठेतून ए५ साइजची वही, १५० जीएसएमचा कागद (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये). साध्या वहीचा कागद याहून बराच पातळ असतो, त्यावर शाई मागं उमटते आणि पान वाया जातं. २बी आणि ६बी पेन्सिल, एक काळं जेल पेन, एक काळं ब्रश पेन. खोडरबर मुद्दाम नाही घेतला. दुकानात अप्सरा का नटराज यावर लेकीनं पाच मिनिटं घातली, दोन्ही हिंदुस्तान पेन्सिल्सच्याच आहेत हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

११ जानेवारी, रविवार

आठवडाभर ब्लाइंड कॉन्टूर. म्हणजे कागदाकडं अजिबात न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून जितक्या हळू सरकते तितक्याच हळू पेन सरकवायचं. चित्र वाकडंतिकडंच येतं, ते येऊ द्यायचं, कारण यात चित्र काढायचंच नसतंय, नजर आणि हात एका स्पीडला आणायचेत. आपण एरवी हात काढतो म्हणजे पाच बोटांचं डोक्यातलं चिन्ह काढतो, समोरचा हात कोण बघतंय.

सासूबाई शेंगा निवडत बसलेल्या, त्यांचे हात काढले. अंगठ्याच्या बुडाशी जिथं कातडीची घडी पडते ती घडी मनगटापर्यंत जाते आणि मधेच गायब होते, हे इतकी वर्षं समोर बसून कधी दिसलं नव्हतं. त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "हे माझे हात का खेकडा गं?" पण घडी बरोबर आलीय हेही त्यांनीच सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज, अक्षता, दारूकाम सगळं होऊन गेलेलं, पण होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं अजून भरात. गर्दी ओसरायच्या आत जायचं ठरवलेलं, कारण मला मोठा आकाशपाळणा काढायचा होता.

पाळणा समोरून बघितला तर गोल, पण कोण बघतंय समोरून, तिरकाच दिसतो आणि मग तो लंबवर्तुळ होतो. आता ते लंबवर्तुळ कुठल्या बाजूला कललेलं काढायचं हीच खरी अडचण असते, अंदाजानं काढलं की पाळणा पडतोय असं वाटतं. याचा नियम एकदम सरळ आहे: चाक ज्या दांड्यावर फिरतं, तो दांडा कागदावर ज्या दिशेला जातो, लंबवर्तुळाची आखूड आस त्याच दिशेत ठेवायची. लांब आस तिला काटकोनात. बस. म्हणजे आधी दांडा काढायचा, चाक नंतर. मी आधी तो मधला दांडा नि दोन बाजूचे टेकू काढले, मग त्यावर आखूड आस, मग लंबवर्तुळ, आणि पाळणा उभा राहिला की जागच्या जागी!

तिथून पुढं सगळीकडं तेच दिसायला लागलं. रिक्षाचं चाक, भजीची कढई, चहाचा ग्लास. ग्लासाचा दांडा म्हणजे त्याच्या मधून जाणारी उभी रेषा, म्हणून त्याचं लंबवर्तुळ नेहमी आडवं सपाट. आणि ग्लासाचा तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसतो कारण तो डोळ्यापासून जास्त खाली आहे. लेकीच्या वस्तुचित्रात तांब्याचा तळ सरळ रेघेत असतो, वर्गातल्या निम्म्या पोरांचा तसाच असेल.

मागं तीन-चार पोरं येऊन उभी. "काय काढलालाव ओ?" म्हणलं पाळणा. एकजण म्हणाला, "मग त्यात माणसं कुठंयत?" खरंय बाबा, माणसं एप्रिलात.

३१ जानेवारी

फक्त रेषा. दोन ठिपके ठेवायचे, पेन न टेकवता दोनदा-तीनदा वरच्यावर हात फिरवायचा, मग एका दमात रेघ. लांब रेघ खांद्यातून, आखूड मनगटातून. कंटाळवाणं आहे. पण रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धं पान, बाकी काही झालं नाही तरी हे होतंच, म्हणून याला प्रॅक्टिसचा पाया मानायचं ठरवलं. प्रेरणेची वाट बघायची नाही, डबा उघडायच्या आधी रेघा, इतकं सोपं ठेवलं की टिकतं.

८ फेब्रुवारी, रविवार

भुईकोट किल्ला, सकाळी आठला. तळ्याच्या बाजूचा बुरुज.

बुरुज म्हणजे दंडगोल, आणि उजेड-सावली शिकायला यासारखा मास्तर नाही. उन्हातली बाजू, मग हळूहळू मंद होत जाणारा पट्टा, मग सगळ्यात गडद पट्टा, आणि त्याच्याही पलीकडं अगदी कडेला परत थोडा उजेड. तो शेवटचा उजेड जमिनीवरनं, पाण्यावरनं उसळून आलेला. त्याला बघून आपण भुलतो आणि कागदावर तो फार पांढरा ठेवतो, मग बुरुज पत्र्याचा वाटायला लागतो. सावलीतला उसळता उजेड उन्हातल्या बाजूपेक्षा गडदच राहिला पाहिजे, कितीही चमकत असला तरी. डोळे बारीक करून बघितलं की हे आपोआप कळतं, बारीकसारीक तपशील गळतात आणि नुसते दोन गठ्ठे उरतात, ऊन आणि सावली.

दुसरी गोष्ट कडांची. बुरुजाच्या अंगावर ऊन संपून सावली सुरू होते ती कड मऊ, कारण दगड वळतोय. पण एक कडुनिंबाची फांदी पुढं आलेली, तिची भिंतीवर पडलेली सावली मात्र कात्रीनं कापल्यासारखी. एकाच भिंतीवर दोन प्रकारच्या सावल्या, दोन्ही एकाच पेन्सिलनं सारख्याच घासल्या की चित्र मेलंच.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावलीची हद्द सुरुवातीलाच आखून टाकायची आणि नंतर ती हलली तरी तिकडं बघायचं नाही. मॉर्निंग वॉकवाले एक आजोबा थांबून म्हणाले हुसेन व्हायचंय का तुला. म्हणलं चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचेच की ओ, आपल्याच जिल्ह्यात जन्मले १९१५ ला, पाणी तेच आहे. खूश झाले.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद मोठी होणार.

आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात, पूर्व भागातले, आता ऐंशीच्या घरात. सगळी हयात चादरीवरच्या नक्षीचे ग्राफ काढण्यात गेली. ते पेपर वाचत बसतात त्या कट्ट्याशेजारी मी सायकलचं चित्र काढत होते, त्यांनी वही मागितली. पानं उलटली, बुरुजावर थांबले आणि म्हणाले, "म्याडम, एवढं घासायचं कशाला ओ? भरा नाहीतर सोडा."

घरात नेलं. कपाटावरनं गुंडाळी काढली, ग्राफ पेपरवर रंगवलेला मोर. जुना, कडा पिवळ्या पडलेल्या, पण लाल रंग अजून तसाच. मग समजावून सांगितलं. ग्राफवरची एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक घर. घर भरलं की मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डाला तिथं भोक पडतं, भोक असलं की मागावरच्या जॅकार्ड यंत्राचा हुक वर उचलला जातो आणि तो धागा वर येतो. घर सोडलं की धागा खाली. (फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ मध्ये हे यंत्र बनवलं, आणि त्याचं नाव आमच्या सोलापुरात आठवडी बाजाराइतकं सवयीचं आहे, शाळेत न गेलेला कामगारपण जेकाट म्हणतो.) म्हणजे चादरीवरच्या प्रत्येक ठिकाणी उत्तर दोनच, वर किंवा खाली. मधलं काही नाही. चादर उलटी करून दाखवली, इकडं जिथं लाल तिथं तिकडं पांढरं, इकडचा मोर तिकडं रिकामा आणि इकडचं रिकामं तिकडं मोर.

मी आठवडेच्या आठवडे "निगेटिव्ह स्पेस" (वस्तूभोवतीची रिकामी जागा) असं लिहिलेले व्हिडिओ बघत होते. माणूस चादर उलटी करून दाखवतो आणि विषय संपतो.

मग गोल कसा येतो ते. चौकोनी घरांत गोल येतच नाही, येतात पायऱ्या. मोराच्या गळ्यावर त्यांनी बोट फिरवून मोजायला लावलं: माथ्यावर सात घरं सलग, मग चार, मग तीन, दोन, दोन, एक, एक, आणि तिथून उभी घरं वाढत जातात. "सातावरनं एकदम दोनावर आलात की तिथं कोपरा दिसतो. चादर दहा फुटांवरनं बघितली तरी दिसतो." म्हणजे वळण गुळगुळीत आहे का नाही हे त्याच्या बदलण्याच्या चालीवर ठरतं. घरी येऊन मी आधी काढलेले ग्लास बघितले, टोकाला जिथं लंबवर्तुळ वळतं तिथं सगळीकडं हाच कोपरा, बदामासारखं टोक आलेलं. आता मी टोकाशी पेन जरा हळू नेते.

आणखी एक. ग्राफवरचा मोर चांगलाच फुगीर दिसत होता, तो कापडावर नीट दिसतो. कारण इंचाला उभे धागे जास्त आणि आडवे कमी असले की कापडावरचं प्रत्येक घर उभट होतं, मग चौरस घरांत काढताना डिझाइन रुंदीला वाढवूनच काढावं लागतं. काकांना ते आकडे तोंडपाठ होते. हाताला किती फुगवायचं ते माहीत. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, आमच्याच कारखान्यात डिझाइनवाला पोरगा दोन स्क्रीन लावून बसतो, वाईट काही नाही त्यात, पण त्या पोराला सातावर चार का येतात ते विचारलं तर सॉफ्टवेअर करतं म्हणाला.

तर इथून पुढं मे पर्यंत नियम बदलला: पेन्सिल बंद, फक्त ब्रश पेन, भरलेलं आणि सोडलेलं. ग्रे नाही, शेडिंग नाही.

२८ फेब्रुवारी

ऑफिसची प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्ची काढायचीच नाही, पाठीच्या पट्ट्यांमधली भोकं आणि पायांमधले आकार काळे करायचे. खुर्ची आपोआप पांढरी उरली आणि प्रमाण बरोबर. खुर्ची कशी असते हे डोक्याला माहीत असतं म्हणून ते मधे लुडबुड करतं, त्या भोकाचं नाव काय ते त्याला माहीत नसतं म्हणून गप बसतं.

१९ मार्च, पाडवा

मार्च एंड. यात प्रॅक्टिस म्हणजे व्हाउचरच्या गठ्ठ्याखाली वही. स्टेपलर, स्टँप पॅड, कॅल्क्युलेटर, पंचिंग मशीन. एक एक वस्तू, चहा येईपर्यंत. साहेबांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांचा पेनस्टँड माझ्या टेबलाकडं जरा जास्तच वळवून ठेवलेला.

आज सुट्टी. सकाळी सगळ्यांच्या गुढ्या, मी फक्त समोरच्या इमारतीवर पडलेल्या गुढ्यांच्या सावल्या काढल्या. गडूची सावली, साडीच्या निऱ्यांची, गाठीची. गुढी एकही नाही. लेक म्हणाली परीक्षेत असं काढलं तर नापास करतील, तिचंही बरोबर आहे.

१२ एप्रिल, रविवार

एसटी स्टँड. माणसं.

उभं राहून काढायचं ठरवलं त्याला कारण आहे. आपण उभे असलो आणि जमीन सपाट असली की क्षितिजरेषा आपल्या डोळ्याच्या उंचीवर येते, आणि मग जवळचा माणूस असो नाहीतर पार लांब तुळजापूरच्या गाडीपाशी असलेला, साधारण आपल्या उंचीच्या सगळ्यांची डोकी त्याच एका रेषेवर बसतात. लहान होत जातात ते पायाकडनं. मी पानावर आधी एक आडवी रेघ मारली आणि डोकी तिच्यावर अडकवत गेले, स्टँड भरला की भराभर. बाकड्यावर बसलेली, पोरं, कमरेतनं वाकलेल्या आज्जी तेवढ्या रेघेच्या खाली.

एका माणसाला अर्धा मिनिट, जास्तीत जास्त. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं. एका पायावर भार देऊन उभा असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खाचेतनं सरळ खाली ओळंबा सोडला की तो त्या भाराच्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. तो पडला नाही तर माणूस कलंडतो. मग खांदे एका बाजूला उतरते आणि कंबर उलट बाजूला, ही उलटसुलट आली की माणूस वाट बघतोय असं दिसतं, नाक डोळे काढायची गरजच नाही.

बाईमाणूस स्टँडवर वही घेऊन उभी म्हणल्यावर लोक बघतातच. एक काकू जवळ आल्या, "कुठल्या ऑफिसातनं आलाव? सर्व्हे चाललाय का?" मी नाही म्हणलं तरी त्यांनी गाड्या वेळेवर येत नाहीत ते लिहून घ्यायला सांगितलं. लिहून घेतलं. त्याच पानावर त्यांची पिशवी आहे, फार छान आलीय, खाली लोंबणारी, एका बाजूला कांद्यानं फुगलेली.

२६ एप्रिल, रविवार

ऊन ४२ च्या वर. सकाळी सातला इंद्रभुवन. वारदांची ही वास्तू, आता महापालिका, कमानी नि सज्जे नि नक्षी इतकी की कुठून सुरू करायचं. कोपऱ्यावरनं बघत होते म्हणून दोन्ही बाजूंच्या रेषा दोन वेगळ्या बिंदूंकडं पळतात, आणि ते बिंदू ए५ च्या पानात मावतच नाहीत, पानाच्या बाहेर फूट-फूट लांब. ते पानातच कोंबले तर इमारत जहाजाच्या टोकासारखी पुढं येते. म्हणून बिंदू शोधायचेच नाहीत, पेन्सिल हात ताठ करून धरायची, एक डोळा बंद, आणि छपराच्या रेषेचा तिरकेपणा घड्याळाच्या काट्यासारखा वाचायचा, मग तोच कागदावर.

नक्षी सोडली सगळी. फक्त कमानींच्या आतला अंधार भरला. आणि ऊन वर येईल तशी सज्ज्यांची सावली भिंतीवर खाली खाली उतरायला लागली. आठ वाजता पेनचं टोक कोरडं पडायला लागलं, घाम तळव्यातनं कागदावर. हाताखाली एक कोरा कागद ठेवणं मस्ट आहे.

इथं घरी आल्यावर वही पाठीमागनं चाळली. जानेवारीची पानं राखाडी आहेत, एप्रिलची काळी-पांढरी. एप्रिलची लांबनं कळतात. आपल्याकडच्या उन्हात मधले टोन दिसतच नाहीत, डोळे मिचकावले की दोनच उरतात, आणि मी तिकडच्या ढगाळ देशातल्या लोकांचे शेडिंगचे व्हिडिओ बघून मऊ मऊ घासत बसले होते. काका म्हणाले तेच, भरा नाहीतर सोडा, ते चादरीसाठी म्हणाले असतील पण सोलापूरच्या एप्रिललाही लागू आहे.

१० मे, रविवार

शून्य सावली. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत म्हणून दोनदा. एखादा दिवस इकडंतिकडं झाला तरी डोळ्याला फरक कळत नाही. वेळ मात्र बारा नाही, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि सोलापूर ७५.९ ला, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं उशिरा.

गच्चीवर मी, लेक, आणि छत्री धरून काका. त्यांना मीच बोलावलं, जिने चढायला वेळ लागला पण आले. स्टीलचा ग्लास, लोखंडी स्टूल, भाकरीची जाळी असं मांडलं. सव्वाबारालाच ग्लासाची सावली त्याच्या बुडात शिरली, मग नव्हतीच. स्टुलाची सावली मात्र मस्त: वरच्या पाटाचा तसाच्या तसा आकार खाली फरशीवर, चारही पायांच्या मधोमध. काढताना मजा अशी की पाट आणि सावली एकाच मापाचे असूनही सावली जास्त खुली दिसते, तळ डोळ्यापासून लांब म्हणून, तेच ग्लासाचं गणित. जाळीचं तर नुसतं चौकड्यांचं ग्राफ पडलेलं फरशीवर, काकांनी वाकून घरं मोजायला सुरुवात केली.

आणि चेहरे. लेकीला उभं केलं, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाची सावली सरळ ओठावर, हनुवटीखाली सगळं काळं. नाकीडोळी एक रेघ न काढता पाच काळे ठिपके ठेवले आणि तीच आली, एकदम ओळखू येण्यासारखी. तिला आवडलं नाही, भूत दिसतेय म्हणाली. काकांनी वही हातात घेऊन लांब धरली, मग जवळ धरली, मग म्हणाले हनुवटीखाली दोन घरं जास्त भरलाव.

पाऊण वाजता पोळलेले पाय घेऊन खाली, मठ्ठा.

२४ मे, रविवार

वही संपत आली. शेवटची काही पानं पावसाळ्यासाठी ठेवायची नाहीत, दमट कागदावर शाई फुलते, ती याच आठवड्यात संपवणार, विषय भाजी मंडई.

पुढच्या वहीचं ठरवलंय ते असं. काळं-पांढरं पक्कं झालंय तर आता एकच ग्रे घ्यायचा, तीन टोन, त्याच्यावर नाही. ढगाळ दिवसांत सावलीला कडाच नसतात, तिथं दोन टोनमध्ये भागणार नाही हे दिसतंय. रेघांचं अर्धं पान चालूच. लेकीची परीक्षा सहामाहीच्या आसपास येईल, तोवर रविवारी सकाळी दोघींचं एक वस्तुचित्र, तिला रंग मला शाई, आणि तांब्याचा तळ गोल. काकांनी कोऱ्या ग्राफ पेपरची गुंडाळी दिलीय, त्यावर एसटी स्टँडवरच्या काकूंची पिशवी घरं भरून करून बघायचीय, लोंबणारा भाग सातावरनं कसा उतरवायचा ते त्यांनाच विचारीन. शनिवारी नवी पेठेत जाणार, ग्रे ब्रश पेन मिळालं तर ठीक, नाहीतर काळ्या शाईत पाणी.